कॉलरमागचे ठिपके

१३ सप्टेंबर १९७६, सोमवार

झालं! मुलग्यांचे कपडे माझ्या गळ्यात पडले.

चर्चला शंभर वर्षं होतात. सतरा ऑक्टोबरला महिला मंडळाचा कार्यक्रम — जुने कपडे घालून नातवंडांनी व्यासपीठावरून चालायचं, आणि कुणीतरी खाली उभं राहून त्यांची माहिती सांगायची. लॅव्हर्न कोट्झला लग्नाचे झगे मिळाले. नॉर्माला टोप्या. आणि मला? मुलग्यांचे रोजचे कपडे, चाळीस ते पंचावन्न सालातले. वर पाच मिनिटांचं भाषण!

"तुझे तीन मुलगे इर्मा, आणि तू काही फेकत नाहीस," नॉर्मा म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. कौतुक होतं की काय होतं, घरी आल्यावर बीट उकडेपर्यंत ठरवत होते.

लग्नाचा झगा राहतो, कारण तो एकदाच घालतात. मुलग्याची रोजची पँट कशी राहील? ती तो संपवतो. मग दुसरा संपवतो. मग तिसरा. उरतात ती बटणं.

लीलँडला कॅन्सासला आणि ड्वेनला शिआटलला पत्रं टाकली — तुम्हाला काय आठवतं ते कळवा. गॉर्डन चार मैलांवर राहतो, त्याला पोस्टाचं तिकीट कशाला!


१५ सप्टेंबर, बुधवार

माळ्यावरची पेटी उघडली. काय निघालं ते असं —

निळी डंगरी एक, गुडघ्यावर ठिगळ, ठिगळावर ठिगळ. आत मूळचं कापड उरलंय की नाही, देव जाणे.

तपकिरी कॉर्डरॉयची पँट एक. तीनदा उसवलेली दुमड, तिच्या तीन पांढऱ्या रेघा. झाडाचं वय खोडावरून मोजतात तसं या पँटचं वय पायावरून मोजता येईल.

कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांचा सदरा एक. तेव्हा ती पोती फुलाफुलांच्या कापडाची यायची. एका सदऱ्याला दोन सारखी पोती लागत. अर्विनला दुकानात पाठवताना बजावलं होतं — डेझीची फुलं, दोन. दुसरं पोतं ढिगाच्या तळाशी होतं, आणि कमर वाकवायची नवरोबांची तयारी नव्हती. म्हणून पुढून डेझी, मागून शिडाची होडी. लीलँड तो सदरा घालून दोन वर्षं शाळेत गेला. पुढे ड्वेन गेला. कुणी हसलं का? विचारलं नव्हतं.

लांब तपकिरी मोजे, मांडीपर्यंतचे, एक जोड. गॉर्डनला सांगायचं नाही की हे सापडलेत.

प्रत्येक कपड्याच्या कॉलरमागे किंवा कमरपट्टीत माझे ठिपके अजून शाबूत आहेत. न पुसणारी शाई होती, धुणीवाले वापरत ती. गॉर्डनचा एक ठिपका. त्याला कपडा लहान झाला की शेजारी दुसरा द्यायचा — लीलँडचा झाला. मग तिसरा — ड्वेनचा. सोमवारी दोरीवरून उतरवलं की कपड्याकडे न बघता, नुसती अंगठ्याने कॉलर उलटून, ठिपके मोजून मी कपडे तीन खणांत टाकत असे. साऱ्या गावाने ही माझी पद्धत उचलली. मी ती देवाच्या कृपेने सुचली म्हणून सांगते, पण खरं म्हणजे पोरांची भांडणं ऐकून ऐकून सुचली.


२० सप्टेंबर, सोमवार

गॉर्डन कॉफीला आला. मी विचारलं, लहानपणचे कपडे कसे आठवतात?

"मस्त होते! करकरीत. नव्या डंगरीचा वास अजून नाकात आहे बघ."

असणारच. तो वास पुढे कुणापर्यंत पोचला नाही.

मग पेटीतले मोजे दिसलेच त्याला. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, तीनशे वीस एकरांचा मालक — कप ठेवून उभा राहिला. "ते मोजे कुणालाही घालू नकोस आई. माझ्या पोरांना तर नाहीच!" हे मला आज कळलं — रोज सकाळी वाटेवरच्या केट्लरांच्या गोठ्यामागे तो मोजे घोट्यापर्यंत गुंडाळायचा, उघड्या गुडघ्यांनी शाळेत जायचा, आणि परतताना तिथेच पुन्हा वर ओढायचा. शून्याखाली दहा असताना! त्या हिवाळ्यात त्याचे गुडघे का फुटतात म्हणून मी चरबीचं मलम लावत होते.

लीलँडचं पत्र आलं. तो शाळामास्तर, चार पानं लिहितो. कॉर्डरॉयबद्दल लिहिलंय — "चालताना दोन्ही पाय एकमेकांशी कुजबुजायचे. चोरून घरात शिरणं अशक्य. पँटच चुगली करायची." शिवाय, दोन ठिपकेवाल्याचं नशीब सर्वांत बरं, असं त्याचं मत. कपडा मऊ झालेला असतो, पण अजून कपडाच असतो.

भाषणात घेईन हे.


२४ सप्टेंबर, शुक्रवार

ड्वेनचं कार्ड. डोंगराचं चित्र. मागे एवढंच —

"आई, कपड्यांचं गॉर्डनला विचार. ते त्याचे होते. मी फक्त शेवटी वापरले. टॉड पाच वर्षांचा झाला. — ड्वेन."

कार्ड फ्रिजवर लावलं. मग काढलं. मग बायबलमध्ये ठेवलं.


२५ सप्टेंबर, शनिवार

अर्विनला कार्ड वाचून दाखवलं. तो टोमॅटोच्या बरण्यांची झाकणं पुसत होता.

"खरंच लिहिलंय की," म्हणाला.

"काय खरं? एकही कपडा त्याला स्वतःचा मिळाला नाही?"

"मला काय माहीत! मी पोती आणायचो."

सहा वर्षं झाली ड्वेन घरी येऊन. ड्वेन-शेरिलच्या टॉडला, माझ्या नातवाला, मी फोटोतच बघितलंय. भांडण वगैरे काही नाही — आमच्याकडे भांडणं होत नाहीत, त्याहून वाईट होतं. मागच्या खेपेला गॉर्डनने नवी मोटार घेतली होती, तेव्हा अर्विनने मोठ्या मनाने जुनीची किल्ली ड्वेनपुढे ठेवली. "घेऊन जा पोरा, इंजिन चांगलं आहे." ड्वेन हसला. किल्लीकडे बघून म्हणाला, "हिच्यावर तीन ठिपके दिलेस का आई?" सगळे हसलो. सकाळी तो बसने गेला. मोटार अजून पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. कोंबड्या अंडी घालतात तिच्यात.

आज ठरवलं — त्याचा स्वतःचा असा एक तरी कपडा शोधून काढायचाच. भाषणात दाखवीन, आणि फोटो शिआटलला पाठवीन. म्हणजे येईल.


२६ सप्टेंबर, रविवार

प्रभूच्या दिवशी काम नको, म्हणून नुसती बघत होते. गोधडी उलटून पाहिली. चिंध्यांची पिशवी उपडी केली. हातमोज्यांची जोडी निघाली, बाह्यांतून ओवायच्या दोरीसकट. दोरी गॉर्डनच्या मापाची. ड्वेनचे हातमोजे गुडघ्यापर्यंत लोंबायचे, ते आठवलं.

तीन. तीन. तीन. सगळीकडे तीन ठिपके.


२७ सप्टेंबर, सोमवार

लाल कोट! मी किती वेंधळी! लाल कोट होता की!

अठ्ठेचाळीसचा ऑक्टोबर. अर्विनची बहीण हुल्डा ओमाहात मोठ्या दुकानात कामाला होती, तिने ड्वेनला पाचव्या वाढदिवसाला पाठवला. लोकरी, लालभडक, कॉलरला तपकिरी मखमल. थेट ड्वेनसाठी. गॉर्डनच्या अंगात जाणार नाही, लीलँडच्याही नाही. ड्वेन तो घालून जेवायला बसायचा. मटणाच्या रश्श्यासकट!

आणि तो आज पेटीत का नाही? कारण ड्वेनने तो दिला. पाच वर्षांच्या पोराने, आपण होऊन, युद्धानंतर जर्मनीतल्या मुलांसाठी आम्ही चर्चमध्ये कपडे भरत होतो त्या पेटीत. थोरल्या पाळकसाहेबांनी दुसऱ्या रविवारी प्रवचनात सांगितलं. शताब्दीच्या पुस्तिकेतही छापलंय, पान एकतीस — "आपल्या मंडळीतील एका बालकाने आपला एकुलता एक नवा कोट…"

झालं माझं भाषण. कपडा दाखवता येणार नाही, पण गोष्ट सांगता येईल. कपड्यांपेक्षा चांगली. टाळ्या पडतील, लॅव्हर्नच्या लग्नाच्या झग्यांना घाम फुटेल — हे लिहू नये. लिहिलं. क्षमा कर प्रभू.


३० सप्टेंबर, गुरुवार

चर्चच्या तळघरात आम्ही सगळ्या जुन्या कपड्यांच्या शिवणी नीट करत बसलो होतो. मी लॅव्हर्नला कोटाची गोष्ट भाषणासारखी म्हणून दाखवली. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून उशीत टोचल्या.

"अगं इर्मा, हे तू कार्यक्रमात सांगणार आहेस?"

"का? तुझ्या झग्यांचा वेळ खाईन म्हणून?"

"नाही गं. पण त्याने कुठे दिला? तूच भरलास की तो."

मी म्हटलं, काहीतरीच!

"मी समोर होते. इथेच, या टेबलाशी. तू ढिगातून उचललास, कॉलरमागे अंगठा घातलास, आणि म्हणालीस, 'ठिपका नाही — म्हणजे आमचा नव्हे. कुणीतरी भारी दिलाय बाई!' आणि घडी करून पेटीत. मी वर उशीचे अभ्रे ठेवले. केट्लरने खिळे ठोकले."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे."

उरलेला वेळ आम्ही हवेबद्दल बोललो.


१ ऑक्टोबर, शुक्रवार

लॅव्हर्नला हल्ली काही आठवत नाही. एकाहत्तर वर्षांची झाली. मागच्या महिन्यात मंडळाच्या जेवणात शेवयांत मीठ दोनदा घातलं. आपल्या सख्ख्या जावयाला दुसऱ्याच नावाने हाक मारते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी कुणी कुठल्या कॉलरमागे अंगठा घातला, हे तिला काय आठवणार!


३ ऑक्टोबर, रविवार

लॅव्हर्नला सगळं आठवतं.


६ ऑक्टोबर, बुधवार

लिहून टाकते. या वहीला तरी.

कोटावर ठिपका का नव्हता? कारण मी शाई घेऊन बसले, तीन ठिपके द्यायला, आणि ड्वेनने कोट पोटाशी धरला. "तीन नाही! एक!"

म्हटलं, "एक म्हणजे गॉर्डन. कोट गॉर्डनच्या खणात जाईल."

"हा माझा पहिला आहे. एक दे."

आता ज्या बाईची पद्धत साऱ्या गावाने उचलली, तिने एका पोरासाठी ती मोडायची? मी एक दिला नाही. त्याने तीन देऊ दिले नाहीत. कोट तसाच राहिला, बिनठिपक्याचा, आठ दिवस. आमच्या घरात ठिपका नसलेला कपडा म्हणजे परका कपडा — मीच तसं ठरवलं होतं.

शनिवारी त्याला घेऊन चर्चमध्ये गेले. तळघरात उबेसाठी भट्टी पेटलेली. पोराने कोट काढून बाकावर ठेवला. बाकावर कपड्यांचा ढीग होता. पुढचं लॅव्हर्नने सांगितलंच. मी कॉलर तेवढी बघितली, कोट बघितलाच नाही.

दुपारी निघताना तो म्हणाला, "माझा कोट?" मी बाकाकडे बघितलं, आणि माझ्या अंगठ्यालाच आधी कळलं. पेटी स्टेशनवर गेली होती. ड्वेनने भोकाड पसरलं. तेवढ्यात जिन्यावरून पाळकसाहेब उतरले. "काय झालं बाळाला?"

भोवती दहा बायका. त्याच सकाळी त्यांनी मला कपडे तपासायच्या कामावर मुख्य नेमलं होतं — 'इर्माइतकं काटेकोर कुणी नाही' म्हणून. आणि ज्या हातांनी शेजारणींची एकेक चिंधी तपासली, त्याच हातांनी पोटच्या पोराचा कोट जर्मनीला पाठवला, हे मी त्यांच्यासमोर कसं म्हणणार?

म्हटलं, "काही नाही पाळकसाहेब. त्याने आपला नवा कोट त्या मुलांना दिला. मन भरून आलंय त्याचं."

बायका "अगं बाई!" म्हणाल्या. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ड्वेन रडायचा थांबला. इतका चकित झाला होता!

घरी येताना मी त्याला माझ्या कोटाच्या आत घेतलं. दोघं एका कोटातून चाललो. वाटेत मी म्हटलं, "तूच दिलास ना रे? तू म्हणालास ना, आई, दे?" पहिल्यांदा त्याने मान हलवली, नाही. केट्लरांच्या गोठ्यापाशी पुन्हा विचारलं. तो माझ्या कोटाचं बटण पिळत राहिला. आमच्या फाटकाशी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "हो."

घरात शिरल्या शिरल्या त्यानेच अर्विनला सांगितलं, "मी माझा कोट दिला." छाती काढून.

त्या हिवाळ्यात तो लीलँडचा कोट घालून फिरला. तीन ठिपके.

आज हिशेबाच्या जुन्या वह्या चाळल्या. कोटाची नोंद नाही. भेट आलेल्या वस्तू मी लिहीत नसे. खोटं बोललेलंही लिहीत नसे.


९ ऑक्टोबर, शनिवार

अर्विनला सांगितलं. तो दिवसभर गॉर्डनकडे मक्याच्या कापणीला जाऊन आला होता, कानात भुसा. सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तो कोट फुकट गेला नाही. कुठल्यातरी पोराने घातलाच असेल."

"अर्विन, मी देवाच्या घरात खोटं बोलले. आणि पोराच्या तोंडून वदवून घेतलं."

"हं." बराच वेळ बूट काढत राहिला. "मग आता काय करणार?"

"खरं सांगणार. त्यालाही, आणि मंडळीलाही."

"अठ्ठावीस वर्षं गप्प बसलीस, अजून थोडी बसलीस तर काय होईल?"

पुरुषांना पश्चात्ताप कळत नाही. त्यांना वाटतं ती पाठदुखी आहे, पडून राहिलं की जाते.

पण मला आता स्वच्छ दिसतंय. ड्वेन इतकी वर्षं का फिरकत नाही? त्याच्या मनात तो कोट आहे. आपला एकमेव कपडा आईने घेतला, वर आपल्याकडूनच 'मी दिला' म्हणवून घेतलं — हे कुणाला विसरता येईल? मी कबूल केलं की गाठ सुटेल. मग तो येईल. टॉडला घेऊन.


१२ ऑक्टोबर, मंगळवार

पत्र टाकलं. सात वेळा लिहिलं, सहा कागद फुकट. (मागच्या बाजूला वाणसामानाची यादी करता येईल.)

आडपडदा ठेवला नाही. लिहिलं — "तू काही दिलं नव्हतंस, ड्वेन. मी घेतलं होतं. तू रडत होतास ते कोटासाठी. पाळकसाहेबांना मी जे सांगितलं ते खोटं होतं, आणि तुला वाटेत तीनदा विचारून मी ते तुझ्या गळी उतरवलं. तू मागितलास तो एक ठिपकासुद्धा मी दिला नव्हता. मला क्षमा कर."

पोस्टातला मुलगा म्हणाला, "शिआटल? शनिवारी मिळेल, इर्माकाकू."

येताना पाऊल हलकं पडत होतं. पाच दुकानं ओलांडून आले आणि कुठल्याही खिडकीतली किंमत बघितली नाही!


१७ ऑक्टोबर, रविवार

झाला कार्यक्रम, चर्चच्या तळघरात. क्रमाने लिहायला हवं, पण हसू येतं. आणि ते हसू चांगलं नाही.

गॉर्डनचे दोघे मुलगे व्यासपीठावर आले. धाकट्याने डंगरी, थोरल्याने कॉर्डरॉय. सगळे शांत बसले आणि पँटची कुजबुज ऐकू आली — लीलँडचं खरं होतं. डेझी-होडीचा सदरा फिरून दाखवला तेव्हा अर्विनने मान खाली घातली. लांब मोजे घालायला कुणी तयार होईना, शेवटी मी ते काठीवर टांगून फिरवले. सगळे चाळिशीतले पुरुष एकदम कण्हले!

मग मी पुस्तिकेचं पान एकतीस उघडलं. म्हटलं, "यात छापलंय ते खरं नाही." आणि सांगितलं सगळं. ठिपके, अंगठा, बाक, भट्टी. 'कुणीतरी भारी दिलाय बाई' हे मी म्हणाले ते सांगितलं, आणि मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग नॉर्मा. मग रांगच्या रांग. मी म्हटलं, "मी पाळकसाहेबांशी खोटं बोलले" — तर तळघर दणाणलं! केट्लर डोळे पुसत ओरडला, "आणि खिळे मी ठोकले!" मी थांबले, तर त्यांना वाटलं मी हसू आवरतेय. टाळ्या. उभं राहून टाळ्या!

मी पापाची कबुली दिली आणि मला बक्षीस म्हणून गाजर घातलेली जेली मिळाली, अख्खं भांडं.

धाकटे पाळकसाहेब येऊन म्हणाले, "इर्माबाई, यापुढे दर वर्षी तुम्हीच बोलायचं!" म्हटलं, मी क्षमा मागत होते. ते म्हणाले, "किती सुंदर मागितलीत!"

एकटी लॅव्हर्न हसली नाही. कॉफी आणून दिली. साखर दोनदा घातली होती. प्यायले.

मोटारीत अर्विन म्हणाला, "बरं बोललीस. मोजे जरा जास्त झाले."

ड्वेनला काल पत्र मिळालं असणार. फोन नाही आला. लांबचा फोन महाग पडतो, तो जपून वागणारा आहे. माझ्यावर गेलाय.

मला हलकं वाटतंय. लोक हसले तर हसले. एका माणसापुरतं तरी खरं पोचलं.


१८ ऑक्टोबर, सोमवार

ड्वेनचं पत्र आलं! जाड पाकीट. आतल्या कागदावर तारीख चौदा, गुरुवार. म्हणजे माझं मिळायच्या आधीचं.

उतरवून ठेवते.

"आई, कार्डावर मी वाकडं लिहिलं. शेरिल रागावली. पुन्हा विचार केला. एक गोष्ट माझी होती — हुल्डाआत्याचा लाल कोट. तू त्याला एकच ठिपका दिला होतास, आठवतं? गॉर्डन किती चिडला असेल! आणि तो मी चर्चच्या तळघरात स्वतः घडी करून पेटीत ठेवला. तू विचारलंस, 'नक्की ना?' मी म्हटलं, 'नक्की.' मखमलीचा स्पर्श अजून हाताला आहे. घरातली प्रत्येक गोष्ट माझ्याआधी गॉर्डनने केली होती. ही एक मी पहिल्यांदा केली. मी कसा माणूस आहे असं कुणी विचारलं तर मला तेच आठवतं. टॉडला ही गोष्ट तोंडपाठ आहे. परवा तो शाळेत आपले नवे हातमोजे एका मुलाला देऊन आला आणि म्हणाला, 'बाबा, मी मलाच विचारलं, नक्की ना? म्हटलं, नक्की.' आम्ही नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला येतोय. टॉडला ती गोष्ट तुझ्या तोंडून ऐकायची आहे."

सोबत टॉडचं चित्र. लाल कोट, कागदभर. बाह्या एक लांब, एक आखूड. कॉलरच्या मागे काळा ठिपका, एकच, खडू दाबून दाबून काढलेला.

माझं पत्र त्यांच्या दारात शनिवारीच पडलंय.